लाल पाणी आणि नसलेलं ग्राफिक कार्ड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या संगणकांवरचा लेख वाचला. विंडोज 10 चा आधार (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा जुनी यंत्रं भंगारात द्या आणि नवी घ्या, असा त्याचा सूर. जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका, हे त्यातलं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण पडद्यावरचे रंग बिघडले, ठिपके दिसू लागले की यंत्राचे दिवस भरले असं समजावं, असंही त्यात होतं. तिथे मी चष्मा काढून ठेवला. याच समजुतीपायी मी नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानात 3,800 रुपये मोजणार होते, आणि तेही नसलेल्या वस्तूचे.

आधी माझ्याबद्दल. पाटबंधारे खात्यात नकाशे उतरवणारी अनुरेखक म्हणून लागले, नकाशे काढणारी आरेखक होऊन निवृत्त झाले. वय 64. आणि मी संगणकावर गेम खेळते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला ‘नातवासाठी असेल’ असं वाटायला नको. नातू आहे, पण त्याला माझा गेम आवडत नाही. फार हळू चालतो म्हणतो.

गेमचं नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’, दुसरा भाग, 1999 सालचा. मुलानं बारावीनंतर सीडी आणली होती. तो पुण्याला गेला, सीडी माझ्याकडे राहिली. सुरुवातीला तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि चार-दोन मेंढ्या मिळतात. तिथून शेतं करायची, झाडं तोडायची, कोट बांधायचा आणि किल्ल्यापर्यंत पोचायचं. एप्रिल-मेमध्ये नागपुरात दुपारी दोन ते चार बाहेर पडायची सोय नसते. पडदे ओढायचे, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या करायच्या आणि बसायचं. शेजारणी मालिका बघतात, मी किल्ले बांधते. लढायला मला फारसं आवडत नाही, भिंत मात्र अशी घालते की शत्रूला दार सापडू नये.

दोन वर्षांपूर्वी संगणकाची हार्ड डिस्क गेली. दुकानात नेला, नवी डिस्क बसवून घेतली. आधी त्यावर जुनं विंडोज एक्सपी होतं, दुकानातल्या पोरानं विंडोज 7 टाकून दिलं. यंत्र 2 जीबी मेमरीचं, पुढचं काही त्याला झेपलंच नसतं. हा संगणक मी इंटरनेटला जोडतच नाही, त्यामुळे विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला याचं मला सोयरसुतक नाही. घरी आणला, सीडी घातली, गेम सुरू केला आणि बघते तर नदी लाल.

सगळी लाल नाही. जांभळट, मधे लाल चट्टे, जसं कुणी पान खाऊन थुंकलं असावं. गवतावर लाल-गुलाबी ठिपके. गावकऱ्यांच्या अंगावर भलत्याच रंगाचे डाग. मेंढ्या मात्र बऱ्या होत्या.

संगणक परत रिक्षात घातला आणि दुकानात नेला. त्या पोरानं सुरू केला, डेस्कटॉप बघितला, दोन मिनिटांत निकाल दिला. ‘काकू, ग्राफिक कार्ड गेलं तुमचं. रंग सोडून राहिलं.’ ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा संगणकातला सुटा भाग. मी म्हटलं, ‘अरे, डेस्कटॉपवरचा फोटो तर चांगला दिसतो, मग कार्ड काऊन गेलं?’ त्यावर ‘गेमले लोड येते न काकू, तिथं समजते.’ नवं कार्ड 3,800, बसवायचे वेगळे. मी म्हटलं, विचार करून सांगते. या वाक्याचा अर्थ नागपूरच्या दुकानदाराला पाठ असतो. त्यानं केबल गुंडाळून हातात दिली.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण पोरानं लबाडी केली असं मला आजही वाटत नाही. त्यानं गेम उघडून बघितलाच नाही, एवढंच.

घरी आल्यावर मी जे केलं ते तीस-पस्तीस वर्षं करत आले तेच. आलेखाची वही घेतली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात तिचा खरा रंग, तिसऱ्यात दिसतोय तो. पाणी, गवत, वाळू, घराचं छप्पर, सोन्याची खाण, घोडा. गेम बंद केला, परत सुरू केला, परत लिहिलं. तीनदा. आणि मग ध्यानात आलं की बिघाड फारच शिस्तीचा आहे. सगळे रंग बिघडले नव्हते, काही ठरावीकच बिघडले होते. गेममधली जमीन आणि पाणी फरशांसारखे सारखे तुकडे जोडून केलेलं असतं. पाण्याच्या एका फरशीवर जिथे लाल चट्टा, तिथेच तो शेजारच्या फरशीवर, तिथेच पुढच्या. नदी वळली तरी चट्टा तिच्याबरोबर वळत होता. जळक्या कार्डाला नदी कुठे वळते ते कसं कळणार?

आणखी एक गोष्ट घडली ती चुकून. दुधवाला आला म्हणून आल्ट आणि टॅब दाबून मी गेममधून बाहेर आले, पैसे दिले, परत गेममध्ये गेले. पाणी निळं! जेमतेम अर्धा मिनिट. मग परत चट्टे. पण तेवढ्यात निकाल लागला होता. जळालेलं कार्ड आल्ट-टॅबनं बरं होत नाही.

संध्याकाळी बंगळूरच्या भाच्याला फोन केला. तो हसायलाच लागला. ‘मावशी, कार्ड आहे का बघ तरी आधी.’ बघायचं कुठून? कॅबिनेटची मागची बाजू बघायला लावली. मॉनिटरची निळी पिन माऊस आणि कीबोर्डच्या पिनांच्या पंगतीतच लागलेली होती. कार्ड वेगळं असतं तर त्याची पट्टी खाली वेगळी, आडवी दिसली असती. तिथे तर पत्र्याची झाकणं जशीच्या तशी बसलेली. म्हणजे माझ्या यंत्रात ग्राफिक कार्ड नव्हतंच, चित्राचं काम मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य फळीवरच, होत होतं. जे नव्हतं ते गेलं म्हणून मला सांगितलं गेलं होतं. पडताळणी एवढी सोपी आहे की पेचकससुद्धा लागत नाही. वाचकांनी दुकानाची पायरी चढण्याआधी यंत्राची पाठ बघून घ्यावी.

आता रंग का बिघडले. भाच्यानं मला ते त्याच्या भाषेत सांगितलं, मला कळलं माझ्या भाषेत, आणि मी माझ्याच भाषेत लिहिते.

हा गेम 256 रंगांत काढलेला आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी संगणक रंग लिहून ठेवत नाही, फक्त एक आकडा ठेवतो, 0 ते 255 मधला. कोणत्या आकड्याचा कोणता रंग, याची सूची वेगळी असते. असं करण्याला कारण होतं. 1024 गुणिले 768 म्हणजे 7,86,432 ठिपके. प्रत्येकी एक बाइट धरला तर 768 केबीत चित्र बसतं. प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग लिहायचा तर तीन बाइट, म्हणजे तिप्पट जागा. 32 एमबी मेमरीच्या यंत्रावर चालावा असा गेम करायचा होता. काटकसर आम्हा पाटबंधारेवाल्यांना समजते.

आता आमच्या ऑफिसातली गोष्ट. लाभक्षेत्राच्या, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणाऱ्या जमिनीच्या, नकाशात प्रत्येक प्रकारच्या जमिनीला आम्ही क्रमांक द्यायचो आणि कोपऱ्यात सूची असायची. 3 म्हणजे काळी, 5 म्हणजे मुरमाड, असं. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर एका सहकाऱ्यानं एक शीट रंगवली. रेघ न् रेघ बरोबर, क्रमांक बरोबर, रंग सफाईदार. फक्त समोर ठेवलेली सूची दुसऱ्या प्रकल्पाची होती. साहेबांनी शीट उलगडली तर काळ्या कसदार जमिनीचा पट्टा मुरमाचा झालेला आणि तलावात ज्वारी. साहेब ओरडले ते कॉरिडॉरमध्ये ऐकू गेलं. पण नकाशा चुकला नव्हता. सूची बदलली होती. ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा मूळ नकाशा, फाडायची काहीच गरज नव्हती, नवी प्रिंट काढून रंग परत भरले आणि दुसऱ्या दिवशी दिली.

गेमच्या नदीचं नेमकं हेच झालं होतं. गेम पूर्ण पडदा ताब्यात घेतो आणि आपली 256 रंगांची सूची लावतो. पण विंडोज 7 मध्ये मागे ‘एक्सप्लोरर’ चालूच असतो. एक्सप्लोरर म्हणजे डेस्कटॉप, त्यावरची चित्रं आणि खालची पट्टी सांभाळणारा कारकून. विंडोजनं स्वतःसाठी 20 रंग राखून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, आणि हा कारकून आपले रंग गेमच्या सूचीत घुसवत राहतो. ज्या आकड्यांच्या जागा त्यानं बळकावल्या, ते आकडे जिथे जिथे असतील तिथे तिथे भलता रंग. मेंढीच्या अंगावर ते आकडे नव्हते म्हणून मेंढी वाचली. एक्सपीवर हा त्रास मला कधी झाला नव्हता. 1998 सालच्या ‘स्टारक्राफ्ट’लाही विंडोज 7 वर हाच रोग होतो, कारण तोही 256 रंगांचाच.

खरं तर एवढं कळायच्या आधीच एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो मी विचारला नाही याची मला लाज वाटते. कालपर्यंत बरं होतं, मधे काय बदललं? डिस्क बदलली आणि विंडोज बदललं. चित्राच्या भागाला कुणी हातही लावला नव्हता. कालव्याला गळती लागली की आधी विचारतात नवीन काम कुठे झालं. मी मात्र रिक्षा बोलावली.

उपाय सांगते. पहिला मला भीतीदायक वाटला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या प्रोसेसच्या यादीत एक्सप्लोरर शोधून तो बंद करायचा. मी केला आणि पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं. खालची पट्टी नाही, चित्रं नाहीत, नुसती निळी भिंत आणि त्या टास्क मॅनेजरची एकटी चौकट. मी फोनवर ओरडलेच. भाचा म्हणाला, ‘घाबरू नको मावशी, काही पुसलं गेलं नाही. आता फाइलमध्ये जा, न्यू टास्क म्हण, आणि तिथून गेम सुरू कर.’ केला. नदी निळी. गवत हिरवं. गावकरी स्वच्छ अंघोळ केल्यासारखे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास झाला तरी निळीच. खेळ संपल्यावर त्याच चौकटीत न्यू टास्क म्हणून एक्सप्लोरर असं टाइप केलं, की कारकून आपल्या खुर्चीवर हजर.

याहून सौम्य उपायही आहे. डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून ‘स्क्रीन रिझोल्यूशन’ची चौकट उघडायची, काही बदलायचं नाही, फक्त ती उघडी ठेवायची आणि गेम सुरू करायचा. ऐकायला हे अंगारा-धुपाऱ्यासारखं वाटतं, पण विंडोज 7 वर माझ्याकडे चाललं आणि अनेकांकडे चालतं.

रोज टास्क मॅनेजर कोण उघडणार, म्हणून भाच्यानं नोटपॅडमध्ये तीन ओळींची फाइल करायला लावली. पहिली ओळ एक्सप्लोररला बंद करते, दुसरी गेम सुरू करून तो संपेपर्यंत थांबते, तिसरी एक्सप्लोररला परत आणते. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट बॅट. आता मी त्या एका चित्रावर दोनदा क्लिक करते. तीन ओळी, खर्च शून्य. 3,800 रुपयांत किती गहू आला असता, याचा हिशेब माझ्यातल्या गृहिणीनं लगेच केला.

ज्यांच्याकडे नवं विंडोज आहे त्यांच्यासाठी तिसरा रस्ता. या जुन्या गेमना ‘डायरेक्टड्रॉ’ नावाची चित्र काढायची जुनी पद्धत लागते. तिच्या आणि आजच्या विंडोजच्या मधे दुभाष्यासारखी बसणारी छोटी मोफत साधनं आहेत, जसं ‘सीएनसी-डीड्रॉ’ किंवा ‘डीजीवूडू’. त्यातल्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, रंगांची सूची ते स्वतः सांभाळतात. मला गरज पडली नाही. मुलानं अर्थातच विचारलं, की 2019 मध्ये याच गेमची नवी आवृत्ती आली आहे, ती का घेत नाहीस? 2022 पासून तिच्यात द्रविड आणि बंगाली राज्यंसुद्धा आहेत. पुण्याला त्याच्या लॅपटॉपवर मी ती खेळून पाहिली. सुंदर आहे. घर पाडलं की दगड न् दगड वेगळा घरंगळतो. पण तिला 64 बिट विंडोज 10 लागतं, आणि माझ्या डोळ्यांना ती झगमग सोसत नाही. उगाच कशाला.

रंग ठीक झाले तेव्हा दुसरं व्यंग दिसू लागलं. चिखल धुतल्यावर ओरखडा दिसावा तसं. सगळी माणसं बुटकी आणि रुंद होती. जुना डब्याचा मॉनिटर गेल्यावर मी साडेअठरा इंची चपटा घेतला होता, तेव्हापासूनच तसं असणार, पण मन मानत नव्हतं एवढंच. या वेळी मी मोजपट्टी काढली आणि पडद्याला लावली.

या गेममध्ये जमीन शंकरपाळ्याच्या आकाराच्या फरशांची आहे. रुंदी उंचीच्या दुप्पट. शेत तीन गुणिले तीन फरशांचं, तेही शंकरपाळंच, कडा ठसठशीत, मोजायला सोपं. माझ्या पडद्यावर शेताची रुंदी आली 11.5 सेंटिमीटर आणि उंची 4.3. रुंदी दुप्पट हवी होती, ती पावणेतीन पटीच्या जवळ गेली होती. कारण सरळ आहे. गेमचं चित्र 4 ला 3 या मापाचं, माझा पडदा 16 ला 9. चित्र ताणून पूर्ण पडद्यावर बसवलं की रुंदी एक तृतीयांशानं वाढते. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण कायम राखण्याचा पर्याय निवडला. काही मॉनिटरवर तो मॉनिटरच्याच बटणांत असतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि शेत मोजलं तर 8.6 आणि 4.3. बरोबर दुप्पट. काळे पट्टे काहींना खुपतात. मला समास असलेल्या शीटची सवय आहे.

जाता जाता एक सांगते, ते छापलं नाही तरी चालेल. या गेमला लोक ‘आयसोमेट्रिक’, म्हणजे तिन्ही बाजू एकाच मापात दाखवणाऱ्या तिरप्या रेखाटनातला, म्हणतात. ते खरं नाही. खऱ्या आयसोमेट्रिकमध्ये रेघ 30 अंशांवर असते आणि शंकरपाळ्याची रुंदी उंचीच्या 1.73 पट येते. इथे दुप्पट आहे, म्हणजे कोन साडेसव्वीस अंशांचा. अशी ड्रॉइंग आमच्या साहेबांकडे गेली असती तर लाल शेरा मारून परत आली असती. पण गेमवाल्यांनी ते जाणूनबुजून केलंय. दोन ठिपके आडवे, एक ठिपका वर, अशी पायरी धरली की तिरपी रेघ सारखी दिसते, दातेरी होत नाही. 30 अंशांवर ती ओबडधोबड होते. हे कळल्यावर त्या लोकांबद्दलचा माझा आदर वाढला.

आता दुसरी बाजू, नाहीतर वाचक म्हणतील बाई प्रत्येक बिघाड तीन ओळींत दुरुस्त करायला निघाल्या. आमच्या वरच्या मजल्यावर बारावीचा एक मुलगा आहे. माझी कीर्ती जिन्यातून वर पोचली आणि तो मे महिन्यात खाली आला. त्याच्याकडे ‘जीटीए व्हाइस सिटी’, संगणकावर आलेला 2003 सालचा गेम. खेळताना अर्ध्या तासानं पडद्यावर हिरवे ठिपके येत, मग ठिपक्यांच्या उभ्या रांगा. मला वाटलं झालं, हाही सूचीचाच रोगी. पण त्याचे ठिपके शिस्तीचे नव्हते. समुद्रावर, आभाळावर, मेनूवर, कुठेही. मी त्याला म्हटलं, यंत्र आत्ता बंद कर आणि लगेच चालू कर. काळ्या पडद्यावर पहिली पांढरी अक्षरं आली, अजून विंडोजचा पत्ता नाही, गेमचा तर नाहीच, आणि त्या अक्षरांमध्ये हिरवे ठिपके होते. विंडोज येण्याआधीच दोष दिसत असेल तर तो विंडोजचा नाही आणि गेमचाही नाही. मग उरतं यंत्र, मॉनिटर नाहीतर केबल. मॉनिटर-केबलचा संशय फेडायला प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून चित्र पेंटमध्ये चिकटवलं आणि मोबाइलवर नेऊन बघितलं. ठिपके चित्रातच होते. मॉनिटर निर्दोष सुटला.

त्याच्या यंत्रात कार्ड खरंच होतं. कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यावर धुळीचा थर, जुन्या गादीतल्या कापसासारखा. नवतप्यात त्याची खोली भट्टी होते, वर छत आणि त्यावर ऊन. शिवाय त्यानं यंत्र कूलरच्या अगदी समोर ठेवलेलं, थंड वारा लागावा म्हणून. कूलरचा वारा ओला असतो, त्यात पाण्याचे तुषार, आणि आपल्याकडच्या पाण्यातला क्षार. पत्र्याच्या कडेला पांढरी बुरशी दिसावी तसा थर धरला होता. पंख्याचं पातं बोटानं धरून रंगकामाच्या ब्रशनं धूळ काढली, चिपची उष्णता बाहेर काढणारा, वाळून खडखडीत झालेला लेप त्यानं पुसून नवा लावला, यंत्र कूलरच्या वाऱ्यातून बाजूला घेतलं. पंधरा दिवस ठिपके आले नाहीत. सोळाव्या दिवशी आले. कार्ड खरंच गेलं होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलानं शेवटी जुन्या बाजारातून दुसरं आणलं. म्हणजे बर्डीवरच्या दुकानातला निदान करणारा त्या मुलाकडे आला असता तर बरोबर ठरला असता. तेच निदान माझ्याकडे चुकलं.

त्याच मुलानं आणखी एका गेममध्ये दूरच्या भिंती लुकलुकतात म्हणून दाखवलं. एका भिंतीवर दुसरी चिकटून बसवलेली असली आणि पुढची कोणती याचा हिशेब यंत्राला बारकाईनं करता आला नाही, की दोघी आळीपाळीनं डोकावतात. त्यात उष्णतेचा दोष नाही. 16 बिटऐवजी 32 बिट रंग निवडला की बऱ्याच जुन्या गेममध्ये हे कमी होतं, त्याचंही झालं.

तर संपादक महाशय, माझी तक्रार लेखाच्या त्या एका समजुतीबद्दल आहे. रंग बिघडणं आणि ठिपके येणं या दोन गोष्टी एका ओळीत कोंबून त्यांना एकच औषध सांगितलं गेलं. आपल्या गावात कितीतरी घरांत मुलं बाहेरगावी गेल्यावर मागे राहिलेले संगणक आहेत. त्यावर म्हातारी माणसं पत्ते खेळतात, फोटो बघतात, माझ्यासारखी एखादी किल्ले बांधते. त्यांना दुकानात ‘कार्ड गेलं’ म्हणून सांगितलं की ती मान डोलावतात. पुरवणीत नव्या मोबाइलच्या किमतींना अर्धं पान जातं, त्यातली चार बोटं जागा आठवड्याला अशा एखाद्या दुरुस्तीला द्यावी, ही विनंती. आणि दुकानदारांना माझं सांगणं एवढंच, की दोष गिऱ्हाइकासमोर उघडून बघा आणि मग किंमत सांगा.

मागच्या महिन्यात मी पेन ड्राइव्ह घेऊन त्याच दुकानात गेले होते, माऊस घ्यायला. त्या पोराला म्हटलं, अरे, माझ्या यंत्रात कार्डच नव्हतं. तो आधी ओशाळला, मग म्हणाला, ‘खरं का काकू? मग ठीक कसं झालं?’ तीन ओळी दाखवल्या. त्यानं दोनदा वाचल्या, कान खाजवला आणि फाइल आपल्या पेन ड्राइव्हवर घेतली. महिन्यात दोन-तीन जण तरी हाच लाल पाण्याचा गेम घेऊन येतात म्हणे. माऊसचे त्यानं वीस रुपये कमी लावले.

पत्र लांबलं आहे, कात्री लावालच. फक्त शेताची मापं कापू नका, ती मी दोनदा मोजली आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आरेखक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर